पाहुण्याच्या नावाचा कोळसा

माझ्या घरी पाहुणा आला आणि मी चुलीत कोळसा टाकला नाही, असं कुणी सांगितलं असतं तर आमच्या उतारावरच्या लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. माझं, या नोर्जमाचं घर म्हणजे उलानबातरच्या उत्तरेच्या टेकडीवरचं, निळ्या फाटकाचं. पाणी आणायला निघालेला माणूस हात शेकायला आत डोकावतो. विजेचा मीटर वाचणारा येतो तो चहा पिऊन, घाम पुसत जातो. शेजारची दुल्मा नवऱ्याशी भांडली की माझ्याकडे येऊन बसते, आणि तिला शोधायला नवरा येतो तोही बसतो. प्रत्येकाच्या नावाने एक चांगला मोठा खडा चुलीत पडतो, धुराडं घुमायला लागतं, चहाला उकळी येते. माझी सासू हेच करायची, तिची सासू हेच करायची. पाहुणा दारात उभा आणि चूल गप्प, म्हणजे त्याला तोंडावर विचारल्यासारखंच झालं की बाबा, तू कशाला आलास.

नवी चूल आली ती सुनेच्या हट्टाने. उयांगा शिवणाच्या कारखान्यात कापड बेतते. तिच्या गळ्यात कायम मोजपट्टी, आणि जे मोजता येत नाही त्यावर तिचा काडीचा विश्वास नाही. कुठून तरी तिने ऐकलं की शहरात नव्या चुली स्वस्तात वाटताहेत, अट एकच, जुनी चूल त्यांना द्यायची आणि ते ती मोडीत काढणार. मी म्हटलं, माझ्या लग्नातली चूल मोडीत? तर म्हणते, आई, तुमची चूल घर नाही तापवत, आभाळ तापवते. सगळी ऊब धुराड्यातून वर जाते, पोतंभर कोळसा गिळते आणि जरा पाठ वळली की गार. हे खरं होतं. पण खरं असलं म्हणून सुनेने ते सासूला ऐकवायलाच हवं का?

माझा मुलगा गालसान शेंडेफळ. आमच्यात आईबापांची चूल शेंडेफळाकडे राहते, म्हणजे शेवटचा शब्द त्याचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि कुत्र्याला हाडं टाकायला म्हणून बाहेर गेला तो जेवायलाच आत आला. झालं, गेली चूल. जाताना मी तिला लोणी लावलं, मानाचा निळा रेशमी रुमाल, खदग, बांधला. ती ट्रकमध्ये चढवणाऱ्या माणसांनी टोप्या काढल्या, एवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे.

नवी चूल ठेंगणी, जाडजूड, आतून विटांची. वापरायची कशी हे शिकवायला एक मुलगी आली. आत रेघ होती तिथपर्यंत कोळसा एकदाच भरायचा, त्यावर बारीक लाकडं रचायची आणि वरून पेटवायची, मेणबत्तीसारखी. आग वरून खाली उतरत जाते, खालचा धूर वरच्या जाळातून जाता जाता स्वतःच जळून जातो, आणि विटा तापल्या की बराच वेळ ऊब धरून ठेवतात. एकदा झाकण लावलं की सगळं जळून खाली बसेपर्यंत उघडायचं नाही, असं ती बजावून बजावून सांगत होती. मी मान डोलावली. मान डोलवत होते तेव्हाच तिच्या नावाचा खडा आत टाकला. ती पाहुणी होती ना. बिचारी तेव्हा उयांगाची सही घेत होती.

खोटं कशाला बोलू, चूल गरम करायची. जुन्या चुलीपाशी पोट भाजायचं आणि पाठ गोठायची. आता लोकरीच्या नमद्याच्या भिंतीला टेकून बसलं तरी पाठीला घाम. बाहेर थुंकी खाली पडायच्या आत गोठावी अशी थंडी आणि आत गालसान बनियनवर बसून सूप पितोय. कोळशाची पोतीही आधीपेक्षा कमी लागायला लागली. मी तोंडाने कौतुक केलं नाही, पण माझी लोकरी बंडी पेटीत ठेवून दिली.

आता सोलोंगोचं सांगते. सोलोंगो माझी नात, चार वर्षांची, बडबडी, हट्टी, माझ्यावर गेलेली. त्या हिवाळ्यात तिचा खोकला जाईना. रात्री तिची छाती वाजायची आणि आम्ही तिघं अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोरीची छाती नाजूक आहे, बाहेरचा धूर तुमच्या हातात नाही, पण निदान घरात तरी धूर होऊ देऊ नका. ते जमत नसेल तर हिवाळाभर हिला खेड्यावर पाठवा.

खेड्यावर म्हणजे कुणाकडे? उयांगाच्या आईकडे, गोबी वाळवंटातल्या दुंदगोबीला. माझी विहीण, देजिद. उंट पाळते, एकटी राहते आणि दर रविवारी फोन करते. आमच्याकडची हवा अशी आहे की श्वास घेतला तर जेवल्यासारखं वाटतं, असं ती मला ऐकवायची. मी म्हणायचे, अहो, मग मटण तरी वाचत असेल. ती हसायची नाही. पोरीला कधी न्यायला येऊ, एवढंच विचारायची.

उयांगाने यालाही मोजपट्टी लावली. म्हणाली, नव्या चुली कशा चालतात ते तपासायला शहरातून एक माणूस येणार आहे, काही निवडक घरांत, त्यात आपलं घर आहे. तीनदा येणार, घरातला धूर मोजणार. शेवटच्या खेपेला आकडा चांगला आला तर सोलोंगो इथेच राहील. नाही आला तर पांढऱ्या महिन्याचा, नव्या वर्षाचा सण झाला की आई तिला घेऊन जाईल. हे सांगताना ती पोरीच्या फ्रॉकची शिवण नखाने उसवत होती. आपल्या पोटच्या पोरीला लांब पाठवायला कुठल्या आईला आवडतं? मी म्हटलं, येऊ दे त्याला. माझी चूल काय आहे ते दाखवते.

तो आला. दाम्बा त्याचं नाव, पश्चिमेकडच्या डोंगरातला, लाजरा, काडीसारखा, नाकावर जाड चष्मा. फाटकातून त्याने रिवाजाप्रमाणे कुत्रं धरा म्हणून हाक मारली आणि तो आत आला. बाहेरच्या गारठ्यातून आमच्या उबेत आल्याबरोबर त्याचा चष्मा असा धुरकटला की तो दारातच आंधळ्यासारखा उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा धुरकटला. एवढ्या वेळात मी माझं काम उरकलं. चांगला चकचकीत खडा निवडून झाकण उचललं, आत टाकला, झाकण लावलं. त्याला दिसायला लागलं तेव्हा मी हात पुसून चहा ओतत होते.

मग त्याने भिंतीवर, सोलोंगोच्या अंथरुणापाशी, एक पांढरी पेटी टांगली. तिच्यात आकडे दिसायचे. एक नळी धुराड्यात घातली. थोड्या वेळाने तो पेटीकडे बघून गाल खाजवायला लागला. मावशी, म्हणाला, ही चूल एवढा धूर करायला नको. झाकण वगैरे उघडलं होतं का? मी म्हटलं, कशाला उघडू? आणि मला तसंच वाटत होतं, शपथ घेऊन सांगते. पाहुण्यासाठी कोळसा टाकणं म्हणजे झाकण उघडणं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. शिंक आली म्हणून कुणी सांगतं का, की मी तोंड उघडलं होतं?

दाम्बा गेल्यावर मी पेटीला शिव्या दिल्या, चुलीला शिव्या दिल्या, ती चूल घडवणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार केला. संध्याकाळी उयांगाने आईला फोन करून सोलोंगोसाठी उंटाच्या लोकरीचे मोजे विणायला सांगितले.

दुसऱ्या खेपेला मी कंबर कसली. बाजारात जाऊन दगड न मिसळलेला कोळसा स्वतः वेचून आणला. धुराडं झाडलं. उयांगाने कारखान्यातून सुट्टी घेतली आणि ती सकाळपासून खाली मान घालून बसली. दाम्बा आला, दारात थांबला, चष्मा पुसायला लागला. मी या वेळी एकाऐवजी दोन खडे टाकले, मोठा माणूस, शहरातून आलेला, आणि पोरीचं भवितव्य त्याच्या हातात. शिवाय वास चांगला यावा म्हणून मूठभर वाळलेलं शेणही घातलं. उयांगा तेव्हा सोलोंगोला औषध पाजत होती.

आकडा आधीच्यापेक्षा वर. दाम्बा म्हणाला, जरा थांबू, कधी कधी खाली येतो. आम्ही थांबलो. आकडा खरंच खाली यायला लागला. उयांगाने पेटीवर डोळे रोखले होते, ओठ हलत होते. इतक्यात फाटकाशी दुल्मा ओरडली, कुत्रं धरा गं, आणि नवऱ्याच्या सात पिढ्या मोजत आत आली. मी झाकण उचलून खडा आत सोडला. भक्कन धूर वर आला, आणि उयांगाच्या डोळ्यांदेखत तो आकडा धावत सुटला.

तिने आकड्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. माझा हात अजून झाकणावर होता.

"आई," ती म्हणाली, "हे तुम्ही आत्ता काय केलंत?"

मी म्हटलं, काय केलं? दुल्मा आली ना.

दाम्बाने चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा घातला. विचारलं, मावशी, कुणी आलं की दर वेळी टाकता? मी म्हटलं, बाळा, तुझ्या आईने तुला काय शिकवलंय? तो हळूच म्हणाला, आमच्याकडेही टाकतात. मग त्याने शिकवणाऱ्या मुलीसारखंच सगळं पुन्हा सांगितलं, की पेटलेल्या कोळशावर नवा कोळसा पडला की त्याचा धूर जाळाच्या वर राहतो, जळत नाही, घरात येतो. या वेळी मी ऐकत होते. दिवसभरात किती लोक येतात, हे त्याने विचारलं आणि दुल्मा बसल्या बसल्या नावं सांगायला लागली. मीटरवाला, पाणीवाले, तिचा नवरा, ती स्वतः, पुन्हा तिचा नवरा. तिचं संपेना.

म्हणजे मी ज्याला त्याला चहा पाजत, ऊब देत बसले होते आणि माझी पोरगी तिथे भिंतीपाशी खोकत होती. त्या दिवशी मी जेवले नाही. उयांगानेही मला बोल लावला नाही, आणि बोल लावला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

उपाय सोपा होता, म्हणे कोळसा टाकू नका. बोलायला काय जातं. दुसऱ्याच दिवशी मीटरवाला आला आणि माझा हात आपोआप बादलीकडे गेला. उयांगा म्हणाली, बादली बाहेर ठेवू. म्हणजे पाहुण्यासमोर रिकामी चूल आणि रिकामी जागा? त्यापेक्षा मी फाटकाला कुलूप लावीन. गालसान म्हणाला, आई, हात बांधून बसशील का? मी त्याला चिमटा फेकून मारला, लागला नाही. शेवटी तोडगा मीच काढला. घरच्या माणसासाठी कोण कोळसा टाकतं? गालसान कामावरून येतो तेव्हा मी ढुंकून बघत नाही. म्हणजे दाम्बा पाहुणा म्हणून यायलाच नको. तो घरचा होऊन यायला हवा.

फोन करून त्याला बोलावलं आणि शिकवणी सुरू केली. फाटकाशी हाक मारायची नाही. वाटेत नळावरून पाण्याचा डबा भरून आणायचा. आत आल्यावर समोरच्या मानाच्या जागेवर नाही, दाराशेजारी बसायचं. चहा आपला आपण घ्यायचा, आणि मला आल्या आल्या काहीतरी कटकट ऐकवायची. बाकी सगळं जमलं, कटकट त्याला जमेना. इतका सालस पोरगा. मावशी, चहात मीठ जरा कमी आहे, असं तो चाचरत म्हणायचा आणि लगेच माफी मागायचा. सोलोंगो पांघरुणात बसून हसून लोळायची, हसता हसता खोकायची. दाम्बामामा, नीट ओरड ना, म्हणायची. नंतर त्याने सांगितलं की आई गेल्यापासून तो कुणाच्या घरात दाराशेजारी बसला नव्हता, सगळीकडे मानाच्या जागेवरच बसवतात.

तिसरी खेप सणाच्या अगदी तोंडावर आली. सकाळी मी रेघेपर्यंत कोळसा भरला. चुलीला द्यायचा लोण्याचा घास आधीच वर ठेवून दिला म्हणजे पुन्हा झाकण उघडायला नको. वरून पेटवली. दुल्माला आणि तिच्या नवऱ्याला बजावलं की आज भांडायचं नाही. उयांगाने सोलोंगोला मांडीवर घेतलं. दाम्बा ठरल्याप्रमाणे हाक न मारता फाटकातून आत शिरला, आणि घरचा माणूस झाल्याचं कुत्र्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बासारने त्याची पॅंट धरली. एका हातात पाण्याचा डबा, दुसऱ्या हातात यंत्राची पिशवी, पायाला कुत्रा, असा तो दारात आला. त्याचा चष्मा धुरकटला आणि तो कळवळून ओरडला, "काय मावशी, कुत्रं सांभाळता येत नाही का तुम्हाला?"

त्याने पहिल्यांदाच नीट कटकट केली होती. माझा हात जागचा हलला नाही.

पेटी टांगली, नळी घातली. आकडा खाली, आणि खालीच. चूल गप्पगार बसून घर तापवत होती. दाम्बा दाराशेजारी चहा पीत म्हणाला, एवढा पेला संपेपर्यंत आकडा असाच राहिला की झालं. उयांगा पेल्याकडे बघत होती. तो पेला तिने हिसकावून घटाघट पिऊन टाकला असता.

आणि फाटकाशी आवाज आला, "कुत्रं धरा!"

तो आवाज मी दर रविवारी ऐकत होते. माझी विहीण. सण झाल्यावर यायची ती सणाआधीच आली, कारण पोरगी आपल्यालाच मिळणार अशी तिची खात्री होती. पाठीवर अख्खा गोठवलेला बोकड, काखेत शेणाच्या गोवऱ्यांचं पोतं, अंगावर अस्तराला लोकर लावलेला निळा रेशमी देल, म्हणजे आमचा लांब अंगरखा, टोपीपासून बुटापर्यंत सणाचा थाट. लेकीच्या सासरी आलेली विहीण. हिच्याएवढा मोठा पाहुणा आमच्यात नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांवर बसले.

लगेच उठले, मानाच्या जागेवर तिला बसवलं, पुन्हा हातांवर बसले. तपकिरीच्या डब्या एकमेकींना दिल्या. हिवाळा कसा चाललाय, जनावरं कशी आहेत, सगळं रीतसर झालं. थर्मासमधला चहा दिला. ती चहाकडे नाही, चुलीकडे बघत होती. मग कोळशाच्या बादलीकडे. मग माझ्याकडे.

"विहीणबाई, चूल विझत आलीय वाटतं."

"नाही, चांगली पेटलीय."

"आवाज नाही येत तो."

"ही चूल आवाज करत नाही."

तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता, कपाळावरून एक थेंब खाली उतरत होता, पण गळ्याशी घट्ट लावलेलं बटण तिने सोडलं नाही. म्हणाली, आमच्या गोबीत दुष्मन जरी आला तरी आधी चुलीत गोवरी टाकतो, मग विचारतो काय काम काढलंस. आणि तुमच्याकडे बाई फारच थंडी आहे. असं म्हणून ती उठली, बादलीतला एक खडा उचलला आणि चुलीशी आली.

उयांगा ओरडली, आई, नको. आम्ही दोघींनी मान वळवली. मी उठून चुलीच्या आणि विहिणीच्या मध्ये उभी राहिले. आता बोलायलाच हवं होतं.

"विहीणबाई, ती भिंतीवरची पेटी बघा. तिच्यातला आकडा खाली राहिला तर सोलोंगो माझ्याकडे राहील. वर गेला तर तुमच्याबरोबर येईल. हे झाकण उघडलं की तो वर जातो. म्हणून तुमच्या नावाचा कोळसा मी टाकला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय, पण नाही टाकणार."

बोलून झालं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हातारे, तू हे काय केलंस? आत्तापर्यंत तिला काहीच माहीत नव्हतं. पोरीला न्यायची किल्ली मीच तिच्या हातात दिली होती. खडा तिच्या मुठीत होता. झाकण हातभर अंतरावर होतं. आणि पाहुण्याचा हात धरणारी मी कोण? मी बाजूला झाले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

देजिद खडा घेऊन उभी राहिली. तिने पेटीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. एकटी राहणारी बाई, बरोबर खाऊ आणला होता, मोजे विणले होते, उंटाचं एक पिल्लू पोरीच्या नावाने वेगळं काढून ठेवलं होतं. मला तिचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता.

सोलोंगो उयांगाच्या मांडीवरून म्हणाली, "गोबीची आजी, तू पाहुणी आहेस की घरची?"

मग तिनेच समजावून सांगितलं. "घरचे असले की कोळसा नाही टाकायचा. दाम्बामामापण घरचा आहे. त्याला कुत्रा चावला."

देजिदने हातातल्या खड्याकडे पाहिलं. मग देलचं वरचं बटण सोडलं आणि तो खडा, काळाकुट्ट, भुकटी सुटणारा, छातीशी आत सरकवला, जिथे बाई तपकिरीची डबी आणि पैसे ठेवते तिथे.

"घरचीच आहे मी," ती म्हणाली. "चूल कशी आहे ते बघायला उठले, तर केवढा गोंधळ घालता तुम्ही लोक." मग टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाली, "आणि उकडतंय किती तुमच्याकडे."

दाम्बाचा पेला संपला होता. तो पेटीपाशी गेला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. चांगलं आहे, म्हणाला, खूपच चांगलं आहे, एवढं चांगलं या उतारावर कुठे मिळालं नाही. उयांगा पोरीच्या केसांत तोंड खुपसून रडायला लागली. गालसान कुत्र्याला हाडं टाकायला बाहेर गेला.

त्यानंतर आमच्याकडे नियमच झाला. पाहुणा म्हणून याल तर कोळसा टाकावा लागेल, म्हणून घरचे म्हणून या, आणि घरचे म्हणून याल तर राख बाहेर टाकून या. मीटरवाला पाणी भरून आणतो. दुल्माचा नवरा लाकडं फोडतो आणि भांडण विसरतो. लोक कमी झाले नाहीत, उलट वाढले, फक्त आता ते जाताना घाम पुसतात तो कामाचा. दाम्बाचं मोजणं संपलं तरी रविवारी येतो आणि मीठ कमी आहे म्हणतो.

फटका बसला तो एकच. पाहुणा जातो, घरचा माणूस कशाला जाईल? देजिद राहिली. सण झाला, पुढचा महिना झाला, उंट पुतण्याच्या गळ्यात बांधून बाई माझ्या चुलीपाशी ठाण मांडून बसल्या. सकाळी चूल कोणी पेटवायची यावरून आमची रोज जुंपायची. लाकडं कशी रचावीत हे ती मला शिकवायची, माझ्याच चुलीत. पण झाकणाला दिवसा हात लावत नव्हती, आणि माझा हात गेलाच तर त्यावर चापट मारायची. सोलोंगोची छाती हळूहळू वाजायची थांबली. पहिल्या शांत रात्री आम्ही दोघी म्हाताऱ्या जाग्याच होतो, तिने विचारलं, ऐकलंत? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही, तेच.

वसंतात उंटिणी व्यायच्या वेळी ती निघाली. तोच निळा देल अंगावर. छातीवर काळा डाग, हाताच्या तळव्याएवढा, रेशमात मुरलेला. मला शरम वाटली. एवढ्या महिन्यांत मी तो धुवायला घेतला नव्हता. म्हटलं, विहीणबाई, काढा तो, साबणाने घासून देते, बस दुपारची घ्या.

"राहू दे," ती म्हणाली. "तिकडे गेले की सगळे विचारतील, नात आणायला गेली होतीस ना, रिकाम्या हाताने आलीस? काहीतरी दाखवायला नको?"

मी तिच्या बसमागे दूध शिंपडलं. सोलोंगो ओरडत बसमागे धावली, आमच्या फाटकापासून थेट पाण्याच्या नळापर्यंत, सगळा चढ, आणि एकदाही खोकली नाही.